बाईंना विचारा : ‘प्रभूने मला दाखवलं’ म्हटल्यावर

या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची आली. कुणी कुणाशी ठरवून लिहिलेली दिसत नाहीत. वडगाव शेरी, पिंपरी, हडपसर आणि कॅम्प अशा चार टोकांहून आली आहेत. म्हणून कबरस्तानातल्या जागेबद्दल विचारणाऱ्या काकांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. विषय निकडीचा आहे हे कळतं, पण काकांची तब्येत ठणठणीत आहे. परवाच मी त्यांना बाजारात कणसांचा भाव करताना पाहिलं.

प्रश्न : आदरणीय बाई, प्रभूमध्ये सलाम. माझी मुलगी २६ वर्षांची, नर्स आहे. फेब्रुवारीत तिचा साखरपुडा झाला. मुलगा नगरचा, चांगल्या घरातला. डिसेंबरात लग्न, हॉलचे पैसे भरलेत. मी चार वर्षांपासून एका फेलोशिपमध्ये जाते, माझे मिस्टर मात्र आमच्या जुन्या मंडळीतच जातात. मागच्या महिन्यात फेलोशिपमध्ये बाहेरगावचे एक संदेष्टे आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ‘हे लग्न माझ्याकडून नाही, असं प्रभू म्हणतो’ असं माइकवर सांगितलं. तेव्हापासून मुलगी धड जेवत नाही. मिस्टर म्हणतात, भविष्यवाणी प्रेषितांबरोबर संपली, हे सगळं थोतांड आहे. मी म्हणते, पवित्र आत्म्याविरुद्ध बोलू नका. घरात दोन चुली पेटल्यासारखं झालंय. कोण बरोबर? आणि लग्न मोडायचं का? — एक आई, वडगाव शेरी

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पोरगी जेवत नाहीये. या एका वाक्यावर लग्न मोडू नका. आता बाकीचं चहा घेत सावकाश वाचा.

तुमचे मिस्टर हवेतलं बोलत नाहीत, हे आधी मान्य करा. माझे वडील पाळक होते आणि त्यांची शिकवण अगदी हीच होती. इफिसकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात मंडळी प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर रचलेली आहे असं म्हटलंय. वडील म्हणायचे, पाया एकदाच घालतात. तिसऱ्या मजल्यावर पोचून पुन्हा पाया खणायला घेतो तो गवंडी नव्हे. चिन्हं आणि अद्भुतं ही प्रेषितपणाची ओळख, असं पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात सांगतो. मग प्रेषित गेले, ओळखपत्रंही गेली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे धर्मपंडित बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ साली छापलेल्या व्याख्यानांत हीच मांडणी केली होती आणि ते पुस्तक वडिलांच्या कपाटात खाकी कव्हर घालून ठेवलेलं असे. आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. हात लावायची इच्छाही नव्हती.

या मांडणीच्या तळाशी एक भीती आहे, आणि ती खोटी नाही. आज कुणी उठून ‘प्रभू म्हणतो’ म्हणाला आणि ते खरोखर पवित्र शास्त्राच्या तोलाचं धरलं, तर शास्त्राचं शेवटचं पान कधी शेवटचं राहणारच नाही; ज्याला त्याला एक कागद जोडता येईल. दुसऱ्या शतकात फ्रुगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हेच झालं. मोंतानस नावाचा एक जण आणि त्याच्याबरोबर प्रिस्किल्ला व माक्सिमिल्ला या दोघी, आत्मा आपल्या तोंडून थेट बोलतो असं सांगू लागले. मंडळीने त्यांना दूर केलं. तरी तर्तुल्यनसारखा विद्वान उतारवयात त्यांच्याच बाजूला गेला. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं भांडण अठराशे वर्षांचं जुनं आहे. तुम्ही दोघं एकटे नाही आहात.

आता तुमची बाजू. पन्नासाव्या दिवशी पेत्र उभा राहिला तेव्हा त्याने योएलाचं वचन सांगितलं, की तुमचे मुलगे आणि तुमच्या मुली संदेश सांगतील. कैसरियाच्या फिलिप्पाला चार मुली होत्या, चौघीही संदेश देणाऱ्या. त्यांच्यातली एकही प्रेषित नव्हती. पौलाने करिंथकरांना या दानाची हौस धरायला सांगितलं. ‘शेवटचा प्रेषित डोळे मिटेपर्यंतच’ अशी अट त्याने कुठे घातलेली नाही. माझं मत विचाराल तर, वडिलांच्या घरात वाढूनही, हे दान बंद झाल्याचं वचन मला शास्त्रात आजवर सापडलेलं नाही. खूप शोधलं. सापडलं असतं तर पुढे सांगणार आहे त्या एका माणसाच्या तोंडावर ते मारायला मला आवडलं असतं.

तेव्हा तुम्ही जिंकलात म्हणून घाई करू नका. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या ज्या चौदाव्या अध्यायावर तुमची फेलोशिप उभी आहे तो एकोणतिसाव्या ओवीपर्यंत वाचा. दोघा-तिघांनी बोलावं, आणि इतरांनी पारख करावी. इतरांनी! त्या रविवारी हे इतर कुठे होते? तुमच्या पत्रात हात आहे, डोकं आहे, माइक आहे. पारख करणारा एकही माणूस नाही. थेस्सलनीकाकरांना पौल लागोपाठ सांगतो : आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सगळ्याची पारख करा. मिस्टरांनी मधलं गाळलंय आणि तुम्ही शेवटचं. माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिच्याकडून कळलं की त्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली जवळपास असंच लिहून ठेवलंय : असाधारण दानांच्या मागे उतावीळपणे लागू नये, त्यांची पारख मंडळीच्या पुढाऱ्यांनी करावी, पण आत्म्याला विझवू नये.

आणखी एक. आपल्या भाषेने इथे आपला थोडा घात केलाय. ‘भविष्यवाणी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातून चिठ्ठी काढणारा पोपट येतो, ‘या वर्षी योग नाही’ म्हणणारे गुरुजी येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने बोलणारा असा आहे, म्हणून ‘संदेष्टा’ हा आपला शब्द चांगला. आणि संदेश देणाऱ्याने करायचं काय, हे चौदाव्याच्या तिसऱ्या ओवीत आहे : उन्नती, उत्तेजन, सांत्वन. तुमच्या मुलीला यांतलं काय मिळालं? तिचं जेवण सुटलं. पत्रिका बघणं आपल्या पणजोबांनी सोडलं तेव्हा त्यांना भावकीने वाळीत टाकलं होतं. एवढी किंमत देऊन पुढच्या दाराने घालवलेली पत्रिका आपण मागच्या दाराने माइकवर परत आणतोय की काय, असं मला कधीकधी वाटतं.

प्रेषितांच्या कृत्यांतली अगब संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं, या पट्ट्याच्या मालकाला यरुशलेमेत यहूदी असंच बांधतील आणि परराष्ट्रीयांच्या हाती देतील. सगळे रडायला लागले, जाऊ नकोस म्हणाले. पौल गेला. वेन ग्रुडेम नावाचे अमेरिकन पंडित इथे बोट ठेवतात, की प्रत्यक्षात पौलाला बांधलं रोमी शिपायांनी, तेही यहुद्यांच्या तावडीतून सोडवून. म्हणजे संदेश खरा, सांगण्यात माणसाची गफलत, आणि म्हणूनच पारख हवी. त्यांचे विरोधक म्हणतात, त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात पौल स्वतःच ‘मला रोमी लोकांच्या हाती दिलं’ असं म्हणतो, तेव्हा अगब चुकला नव्हता. दोन्ही बाजूंची पुस्तकं जाडजूड आहेत. मला मात्र दिसतो तो पट्टा परत कमरेला बांधून निघालेला पौल. काय सोसावं लागेल ते अगबाने सांगितलं. काय करायचं ते पौलाने ठरवलं.

मी या विषयात तटस्थ नाही, तेही सांगून टाकते. १९८८ साली माझे पती किडनीच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. एका बैठकीतले पाहुणे बंधू घरी आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘हा आजार मरणासाठी नाही, असं प्रभूने मला दाखवलं.’ सासूबाईंनी त्याच संध्याकाळी शिरा केला, शेजारी वाटला. अकरा आठवड्यांनी हे गेले. दफनानंतरच्या आठवड्यात तेच बंधू पुन्हा आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, ‘ताई, तुमचा विश्वास कमी पडला.’ मी त्यांना चहा दिला होता. तो त्यांना पुरता पिऊ दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा मी राजीनामा लिहिला. शाळेत जायचं नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही, मुलाला घेऊन गावी जायचं. कागद चार दिवस पर्समध्ये होता. मुलालासुद्धा माहीत नव्हतं. महिला मंडळाची प्रार्थना संपल्यावर चर्च झाडणाऱ्या मावशी सतरंज्या गोळा करत होत्या, मी हात लावला. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. घडी घालायला त्या चालत माझ्याजवळ आल्या, टोकाला टोक जुळवलं आणि सतरंजीकडेच बघत म्हणाल्या, ‘बाई, शाळा नका सोडू. पोरं वाट बघत्यात.’ एवढंच. मग दुसरी सतरंजी.

मी ‘हालेलुया’ वगैरे काही म्हटलं नाही. उलट रागच आला. तीन जणांना विचारलं : माझ्या मुख्याध्यापिका, एक मैत्रीण आणि वडील. वडील तेव्हा सत्तरीचे, कपाटातलं खाकी पुस्तक अजून जागेवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘याला काय म्हणायचं ते मी सांगणार नाही. राजीनामा फाड.’ पुढे वीस वर्षं मी त्याच शाळेत शिकवलं. मावशींना पुढच्या आठवड्यात विचारलं, तर असं काही बोलल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. त्यांना चिंता वेगळीच होती, झाडू आणायला पंचकमिटीने दिलेले पैसे पुरले नव्हते.

तर ताई, आता तुमच्याकडे वळू. फेलोशिपच्या वडीलजनांकडे जा आणि विचारा, या संदेशाची पारख कुणी केली? ‘संदेष्ट्याला प्रश्न विचारायचा नसतो’ असं उत्तर आलं, तर घरी या, तुमचा निकाल लागला. त्या पाहुण्यांना मुलाबद्दल काही ठाऊक असेल, दारू, कर्ज, आधीचं लग्न, तर त्यांनी ते सरळ सांगावं. ती माहिती झाली, तिला भविष्यवाणीचं वेष्टन नको. नगरला जाऊन मुलाच्या पाळकांना भेटा, त्याच्या ऑफिसात चौकशी करा. हे सगळं साखरपुड्याआधीच करायचं असतं, पण असो. मिस्टरांना सांगा, जेवताना ‘थोतांड’ हा शब्द वापरायचा नाही.

आणि तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. प्रभू काय म्हणतो, संदेष्टे काय म्हणतात, मिस्टर काय म्हणतात, तुम्ही काय म्हणता, सगळं आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. तिच्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि विचारा. फोन बाहेर ठेवा.

प्रश्न : बाई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, १ करिंथ १३ मध्ये ‘जे पूर्ण ते येईल’ असं आहे ते म्हणजे पूर्ण झालेलं बायबल. ते आल्यावर भविष्यवाणी आणि अन्य भाषा (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं) संपल्या. उलट माझ्या मित्रांच्या ग्रुपमध्ये मला अन्य भाषा येत नाही म्हणून गिटार वाजवू देत नाहीत. दोन्हीकडून मार खातोय. — पिंपरी

उत्तर : अरे, तुझं वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. माझं ग्रीक तोडकंमोडकं आहे, नवऱ्याच्या वह्यांवरून शिकलेलं, पण इथपुरतं चालेल.

‘पूर्ण’साठी पौलाने ‘तेलेयोन’ शब्द वापरलाय, नपुंसकलिंगी. त्यावरून काही जण म्हणतात, हा ख्रिस्त नव्हे, ही वस्तू आहे, म्हणजे ग्रंथ. पण नपुंसकलिंगी सगळंच पुस्तक नसतं. करिंथच्या मंडळीत हे पत्र मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा काळ्या कव्हरचं, सोनेरी कडांचं पवित्र शास्त्र त्या लोकांच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे दोनच ओव्यांनंतर पौल आरशाचं उदाहरण देतो. तो आरसा काचेचा नव्हे, घासून चकचकीत केलेल्या कांस्याचा. करिंथ कांस्याच्या कामासाठी प्रसिद्धच होतं. आत्ता त्यात अंधुक दिसतं, मग समोरासमोर पाहू, असं तो म्हणतो. समोरासमोर कुणाला? माझ्या मते हा प्रभूच्या येण्याचा दिवस. अद्भुत दानं थांबली असं मानणाऱ्या कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकानेसुद्धा या ओवीतली पूर्णता मृत्यूपासून सुरू होऊन पुनरागमनाच्या दिवशी पुरी होणारी धरली आहे. छापील ग्रंथ त्याने तिथे आणलेला नाही. शिवाय त्याच ओळीत विद्याही रद्द होईल असं आहे. बायबल पूर्ण झाल्यावर विद्या रद्द झाली असेल, तर बिबवेवाडीच्या सेमिनरीत पोरं रात्री बारापर्यंत दिवे जाळून काय करतात?

तुझे सर आणखी एक मुद्दा काढतील : भाषांसाठी पौलाने वेगळं क्रियापद वापरलंय, म्हणून त्या आपोआप थांबल्या. आपणही म्हणतोच की ‘पाऊस थांबला, वारा पडला’. क्रियापद बदललं म्हणून दिवस बदलत नाही. सरांना म्हणावं, इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायावर उभे राहा. ती जागा जास्त भक्कम आहे, तिथून बोललात तर मलाही विचार करावा लागतो.

आता गिटार. बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? ग्रीकमध्ये हा प्रश्नच असा विचारलाय की उत्तर ‘नाही’ यावं. ही ओवी मित्रांना दाखव. तरीही वाजवू दिलं नाही तर आमच्या मंडळीत ये. आमच्याकडे पेटी वाजवणारे काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि नारायण वामन टिळकांची सगळी पदं एकाच चालीत बसवतात.

प्रश्न : आमच्याकडे सुट्टीत एक संदेष्टे आले, नऊ दिवस राहिले. रोज एका घरी जेवण. प्रत्येक घराला वेगळा संदेश, आणि शेवटी ‘या घराने अमुक रक्कम पेरावी, असा आत्म्याचा आग्रह आहे’. आम्ही दिली. आता मुलगा विचारतो, कशाला दिली? — हडपसर

उत्तर : मुलगा हुशार आहे, त्याला शिकवा.

‘दिदाखे’ नावाचं एक छोटं ग्रीक पुस्तक आहे, म्हणजे ‘शिकवण’. पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलला सापडलं आणि दहा वर्षांनी छापलं गेलं. तेव्हाही गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे होते, आणि तेव्हाच्या मंडळ्यांनाही तुमचाच त्रास होता असं दिसतं, कारण त्यात नियमच घालून दिलेत. फिरता प्रेषित आला तर त्याला एक दिवस ठेवा. गरज पडली तर दुसरा दिवस. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असल्याचं सांगून ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. गरजू माणसासाठी मागितले तर मात्र दोष देऊ नका. आणि मला सर्वांत आवडलेला नियम : आत्म्याच्या प्रेरणेने जेवणावळ घालायला लावणारा खरा संदेष्टा त्या पंगतीत स्वतः जेवत नाही.

त्याच पुस्तकात पुढे असंही आहे, की खरा संदेष्टा तुमच्यात कायमचा राहणार असेल तर पिकाचा पहिला वाटा त्याला द्या. म्हणजे ते लोक काही कंजूष नव्हते. पण तुमच्याकडचे नऊ दिवस राहिले. रोज मटण होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रश्न : मार्चच्या अंकात तुम्ही पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या पुनरुज्जीवनाबद्दल फार मायेने लिहिलंत. तुम्ही शिकलेल्या आहात. दुष्काळातून आणलेल्या, घाबरलेल्या मुली रात्र-रात्र रडल्या, ओरडल्या, न येणाऱ्या भाषांत बोलल्या, याला पवित्र आत्म्याचं काम म्हणायचं की सामूहिक झटका? आडवळणं न घेता सांगा. — निवृत्त अभियंता, कॅम्प

उत्तर : काका, आडवळण घेणारच, कारण त्या मुलींतली एक माझी आजी होती. वडिलांची आई.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेली. वय सहाच्या आसपास. गाव माहीत नाही, जन्मतारीख माहीत नाही. मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलायची, पण पैसे मोजायची गुजरातीत. मुक्ती सदनात तेव्हा दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी पुनरुज्जीवनासाठी प्रार्थना करायला कोण येतं असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी बादलीभर पाणी घेऊन धावली, जवळ जाऊन बघते तर आग नाही. ही बादली तुम्ही पुस्तकांत वाचली असेल. आजीला विचारलं की ती बादलीवर बोलायचीच नाही. तिच्या लक्षात राहिलं होतं ते नंतरचं : मुली एकमेकींच्या चोरलेल्या वस्तू परत करायला लागल्या. तिने स्वतः एक सुई परत केली होती. सुईचं नाक मोडलेलं होतं, तरी परत केली, हे ती दरवेळी आवर्जून सांगे.

अन्य भाषांची वर्णनं पुढच्या वर्षापासून येतात. लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सिमूर यांच्या सभा सुरू झाल्या त्या १९०६ च्या एप्रिलमध्ये. केडगावची पहाट त्याच्या दहा महिने आधीची. म्हणून आत्म्याच्या दानांवर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ ही अमेरिकेतून आलेली वस्तू, असं मला कुणी सांगितलं की मी दौंडच्या गाडीचं वेळापत्रक पुढे करते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली केडगावच्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या वल्परायसो शहरात आपल्या मैत्रिणीला पाठवली, आणि १९०९ साली तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जे सुरू झालं त्यातून त्या देशातली पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंड तालुक्यातून थेट चिली, तेही पोस्टाने.

तुमचा प्रश्न टाळत नाही. भूक होती, भीती होती, आईबाप डोळ्यांदेखत गेले होते. अशा साडेपाचशे पोरी एकत्र रडल्या तर त्याला मी वेड म्हणणार नाही; पाच वर्षं उशिरा आलेलं रडू म्हणेन. आत्मा त्या रडण्यात शिरत नाही, कोरड्या आणि शांत जागीच येतो, असं कुणी ठरवलं? स्वतः रमाबाईंनी या दानांना नाकारलं नाही, आणि त्यांच्या मागेही त्या धावल्या नाहीत. आत्म्याने भरल्याची खरी खूण प्रीती, असं त्यांनी लिहून ठेवलं. अंगणात मुली न येणाऱ्या भाषांत प्रार्थना करत होत्या त्याच वर्षांत ही बाई हिब्रू आणि ग्रीक कोश उघडून सोप्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करत बसली होती. तिथल्याच बायका खिळे जुळवत, तिथल्याच छापखान्यात ते छापत. १९२२ साली त्या गेल्या. पुरं भाषांतर १९२४ साली बाहेर आलं. ज्यांना या दोन गोष्टी एका घरात नांदणार नाहीत असं वाटतं, त्यांनी केडगावला जाऊन यावं. गाडीने फार वेळ लागत नाही.

आणि आजीची भाषा. ती पहाटे जात्यावर मुगाची डाळ भरडायला बसली की काहीतरी पुटपुटत असे. मराठी नव्हे. आम्ही मुलं समजत होतो, गुजराती आहे. मी वीस वर्षांची असताना माझी एक गुजराती मैत्रीण आमच्याकडे राहायला आली, तिला मुद्दाम पहाटे उठवून ऐकवलं. ती म्हणाली, हे आमचं नाही. पंचमहालातली एखादी भिली बोली असेल, सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात राहून गेलेली. किंवा नसेल. आजीला विचारलं, तर जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, ‘मला कळत नाही, त्याला कळतं. तुला काय करायचंय?’

वडील त्या वेळी शेजारच्या खोलीत रविवारचं प्रवचन लिहीत बसलेले असत. दानं प्रेषितांबरोबर संपली, हे त्यांनी वेदीवरून पस्तीस वर्षं सांगितलं. जात्याचा आवाज मोठा होता, त्यांना शांतता लागायची, आम्हाला ते सारखे ओरडायचे. पण ते मधलं दार त्यांनी कधी लावलं नाही.